टर्नटेबलची आयसी बदलताना: एल293 की एल293डी?

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत इंजिन फिरवून हव्या रुळाकडे वळवणाऱ्या टर्नटेबलाचा पूल एकाच दिशेने फिरत असेल आणि उलट दिशेचे बटण दाबूनही जागचा हलत नसेल, पण मोटारीच्या तारा बोर्डावरून सोडवून थेट 9 व्होल्टच्या बॅटरीला जोडल्यावर ती दोन्हीकडे व्यवस्थित फिरत असेल, तर दोष बहुधा मोटार चालवणाऱ्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, असतो. अनेक साध्या कंट्रोलरांत ही आयसी एल293डी असते. बाजारात मात्र तिच्याऐवजी एल293 सहज हाती पडते. पाय तेवढेच 16, त्यांची मांडणीही तीच, आणि वर 'ही जास्त ताकदीची आहे' असा दिलासाही मिळतो. तो खोटा नाही. एल293च्या प्रत्येक आउटपुटची सलग क्षमता 1 अँपिअर आहे, तर एल293डीची 600 मिलिअँपिअर.

खरा फरक डायोडांचा, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा, आहे. मोटारीच्या वेटोळ्यातील प्रवाह तोडला, की तेथे साठलेली चुंबकीय ऊर्जा तो चालूच ठेवू पाहते, आणि त्याला वाट मिळाली नाही तर आउटपुटवरील व्होल्टेज क्षणभर पुरवठ्याच्या वर किंवा शून्याच्या खाली जाते. ही वाट देणारे डायोड एल293डीमध्ये प्रत्येक आउटपुटला दोन याप्रमाणे आतच बसवलेले असतात. एल293ला ते बाहेरून द्यावे लागतात. टर्नटेबलावर हे विशेष जाणवते, कारण पुलाचे रूळ समोरच्या रुळांशी जुळवताना आपण बटण पुन्हा पुन्हा जरासे दाबून सोडतो, आणि दर वेळी सोडताना आयसीला हा झटका बसतो.

म्हणून आयसी घेण्याआधी बोर्ड नीट पाहावा. मोटारीच्या दोन आउटपुटांपाशी चार डायोड आधीच असतील, तर 600 मिलिअँपिअर पुरेसे असल्यास दोन्हींपैकी कोणतीही आयसी चालते. नसतील, तर एल293डीच घ्यावी, किंवा एल293सोबत चार 1एन5819 शॉटकी (झटपट बंद होणारे) डायोड लावावेत: प्रत्येक आउटपुटवरून एक डायोड मोटारीच्या पुरवठ्याच्या 8व्या पायाकडे, डायोडावरील पट्टीचे टोक त्या पायाला, दुसरा ग्राउंडवरून आउटपुटकडे, पट्टीचे टोक आउटपुटला. जड पुलासाठी मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो. घरोघरच्या डब्यात सापडणारा 1एन4007 येथे टाळावा, कारण तो सावकाश बंद होतो आणि पीडब्ल्यूएमने, म्हणजे पुरवठा वेगाने चालू-बंद करून, वेग बदलणाऱ्या बोर्डावर ते परवडत नाही.

दोन्ही आयसी स्वतःच सुमारे अडीच व्होल्ट खातात, त्यामुळे 12 व्होल्टच्या पुरवठ्यावर मोटारीला साडेनऊच्या आसपास मिळतात. तेवढ्यावरून नवी आयसी खराब ठरवू नये. एरवी आयसीखाली सॉकेट लावण्याची सवय चांगली असली, तरी येथे ती सोडावी, कारण 4, 5, 12 आणि 13 हे ग्राउंडचे पाय आयसीची उष्णता बोर्डाच्या तांब्यात उतरवतात आणि सॉकेट नेमके त्याच्या आड येते.