दोन फूट आणि एकसष्ट तास

२२ फेब्रुवारी १९५९. फ्लोरिडातल्या डेटोना बीचच्या नव्याकोऱ्या ट्रॅकवरची पहिलीच पाचशे मैलांची शर्यत. ५९ गाड्या सुटल्या आणि जवळपास चार किलोमीटरच्या त्या ट्रॅकला २०० फेऱ्या मारायच्या होत्या. या होत्या स्टॉक कार, म्हणजे मुळात शोरूममध्ये मिळणाऱ्याच गाड्या, पण शर्यतीसाठी आतून-बाहेरून सुधारून घेतलेल्या. पावणेचार तासांनी अंतिम रेषेवर तीन गाड्या एका ओळीत आल्या. ली पेटी या ड्रायव्हरची ओल्ड्समोबाइल, जॉनी बोशँपची फोर्ड थंडरबर्ड आणि जो वेदर्लीची शेवरले. वेदर्ली निदान एक फेरी मागे होता, त्यामुळे पहिल्या नंबराशी त्याचा काही संबंध नव्हता. पाहणाऱ्यांचा गोंधळ मात्र त्याने वाढवला.

अधिकाऱ्यांनी बोशँपला अनधिकृत विजेता ठरवलं, आणि तो विजेत्याच्या जागी जाऊन उभाही राहिला. पेटी म्हणाला, मी चांगला दोन फुटांनी पुढे होतो. बोशँप म्हणाला, दोन फुटांनी पुढे मी होतो!

दोघंही खरं बोलत असावेत, म्हणजे आपल्याला दिसलं ते सांगत असावेत. ड्रायव्हरचा डोळा गाडीच्या नाकापासून बराच मागे असतो. शेजारची गाडी तो तिरक्या नजरेने बघतो, आणि दोन वेगळ्या बनावटीच्या गाड्यांची बॉनेटं सारख्या लांबीची नसतात. मग कडेला उभ्या असलेल्या माणसाचं काय? तो ट्रॅकमध्ये अडकलेला नाही, पण तिरक्या नजरेतून त्याचीही सुटका नाही. समजा तो रेषेच्या बरोबर सरळीत नसून दहा अंश बाजूला आहे आणि दोन गाड्यांच्या नाकांमध्ये आडवं अंतर तीन मीटर आहे. तेवढ्यानेच त्याच्या अंदाजात अर्ध्या मीटरहून जास्त चूक होते. म्हणजे भांडण ज्या दोन फुटांचं, ते जवळजवळ सगळे या चुकीतच बुडाले. याला पराशय (इंग्रजीत पॅरलॅक्स) म्हणतात. क्रिकेटमध्ये धावचीतचा निर्णय क्रीझच्या बरोबर सरळीतल्या कॅमेऱ्यावरून देतात तो याचसाठी. (टीव्ही पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. १९९२, डर्बन.)

आता वेळेचा हिशेब बघा. शर्यतीचा सरासरी वेग ताशी २१८ किलोमीटर होता. त्यात पेट्रोल-टायरसाठी थांबलेला वेळही आला, म्हणजे शेवटी गाड्या याहून जोरात असणार. ताशी २२५ धरू. सेकंदाला साडेबासष्ट मीटर. या वेगात दोन फूट कापायला लागतो सेकंदाचा शंभरावा भाग. पापणी लवायलासुद्धा याच्या दहापट वेळ जातो.

ट्रॅकचे मालक बिल फ्रान्स यांनी मग फोटो आणि फिल्म जमवायला सुरुवात केली. खरं तर अशा प्रसंगासाठीचं यंत्र तेव्हा जगात होतं. कॅलिफोर्नियातल्या घोड्यांच्या शर्यतींत १९३७ पासून फटीचा कॅमेरा वापरत. त्याला शटर नसतं, फक्त एक उभी बारीक फट असते, रेषेवर रोखलेली, आणि तिच्यामागून फिल्म सतत सरकत राहते. त्या फोटोत डावी-उजवी बाजू जागा दाखवत नाही, वेळ दाखवते. ज्याचं नाक आधी उमटलं तो आधी पोचला, वाद संपला. डेटोनाला हे यंत्र नव्हतं. हाताशी होते साधे फोटो आणि सिनेमागृहात दाखवायच्या बातमीपटांची फिल्म.

आणि बातमीपटाची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ चित्रं. इथे मन अडखळतं. दोन चित्रांच्या मध्ये गाडी अडीच मीटरहून जास्त पुढे जाते, मग अर्ध्या-पाऊण मीटरचा फरक त्यातून कसा पकडायचा? रेषा ओलांडल्याचा नेमका क्षण दोन चित्रांच्या मध्येच हरवलेला असणार.

हरवू दे. त्या क्षणाची गरजच नसते. प्रश्न गाडी कुठे होती हा नाही, कोण कोणाच्या पुढे होतं हा आहे. दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच वेगाने धावत होत्या. समजा एक दुसरीपेक्षा ताशी पाच किलोमीटरने जोरात होती. तरी चोविसाव्या हिश्श्याच्या सेकंदात त्यांच्यातलं अंतर बदलतं फक्त सहा सेंटीमीटर! म्हणजे रेषेच्या आधीच्या चित्रात पेटी दोन फूट पुढे आणि नंतरच्या चित्रातही साधारण तितकाच पुढे, तर मधल्या न दिसलेल्या क्षणी तो मागे असणं शक्य नाही. रेल्वेत शेजारच्या रुळावरची गाडी आपल्याच वेगाने धावत असली की तिच्या खिडकीतला माणूस स्थिर दिसतो, तसंच हे. पराशय मात्र फिल्मलाही चुकत नाही, त्यामुळे कॅमेरा रेषेच्या जितका सरळीत तितका त्याच्या साक्षीला भाव.

बुधवारी, शर्यतीनंतर ६१ तासांनी, निकाल फिरला. पेटी विजेता. अंतर सुमारे दोन फूट. या तीन दिवसांत डेटोनाचं नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिलं, आणि उशीर त्यासाठीच केला अशी कुजबुज अजून चालते. मला त्यात तथ्य असलं तरी आश्चर्य वाटणार नाही; बिल फ्रान्स यांना धंदा कळत होता.

आज प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर, म्हणजे रेषा ओलांडताच संदेश देणारं छोटं यंत्र, असतो आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. २०१६ मध्ये डेनी हॅमलिनने डेटोनाची हीच शर्यत ०.०१० सेकंदाने जिंकली, म्हणजे १९५९ इतक्याच फरकाने, आणि त्यासाठी कोणाला बुधवारची वाट बघावी लागली नाही. पण ट्रान्सपाँडर म्हणजे गाडीचं नाक नव्हे. मे २०२४ मध्ये कॅन्ससला क्रिस बुशर आणि काइल लार्सन यांच्यात ०.००१ सेकंदाचा फरक पडला. फलकावर आधी झळकलं बुशरचं नाव. मग रेषेवरचा फोटो तपासला, आणि शर्यत लार्सनची ठरली.