कामातून गेलेले नकाशे आणि त्यांतून घडणारी कला : पार्श्वभूमी

नाशिक शहर वीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे, आणि देशाचे स्थलदर्शक नकाशे ज्या चौकटीवर आखले गेले त्या चौकटीतील एक मुख्य रेषा हाच अक्षांश आहे. त्यामुळे रामकुंड आणि पंचवटी ४६ एच/१६ या टोपोशीटमध्ये, म्हणजे स्थलदर्शक नकाशाच्या पत्रकात, तर नाशिकरोड आणि देवळाली ४७ ई/१३ मध्ये सापडतात. आपल्या शहराच्या नकाशावर काही रंगवू, कातरू किंवा शिवू पाहणाऱ्या नाशिककराला म्हणून सुरुवातीलाच दोन कागद जोडावे लागतात. दोन्ही पत्रके वेगवेगळ्या वर्षी सुधारलेली असली, तर हिरव्या-पिवळ्या रंगांच्या छटा जोडावर जुळत नाहीत आणि एका कागदावरचा रस्ता दुसऱ्यावर निराळ्या रुंदीने पुढे जातो. ही विसंगती लपवायची की तिलाच चित्राचा कणा करायचे, हा या कामातला पहिला निर्णय असतो. जुन्या नकाशावर स्वतःचे आयुष्य मांडण्याची कला मूळची परदेशी असली, तरी नाशिकमध्ये ती करणाऱ्याला या मातीचे आणि येथल्या सरकारी कागदाचे प्रश्न चुकत नाहीत.

येथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. नकाशा हा विषय घेऊन चित्र काढणे वेगळे, आणि कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी छापलेला, वापरून झालेला नकाशा हेच द्रव्य मानून त्यातून चित्र घडवणे वेगळे. पहिल्या प्रकारात आपल्याकडे मोठे काम झाले आहे. अलिगढमध्ये जन्मलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या एका चित्रकर्तीने २००१ मध्ये फाळणीची सीमारेषा लाकडात कोरून छापली, आणि केवळ एका वाकड्यातिकड्या रेषेतून घर सुटल्याचे दुःख उभे केले. या टिपणाचा विषय मात्र दुसरा प्रकार आहे. माझे म्हणणे असे की, तो आपल्याकडे उशिरा रुजला याचे कारण कल्पकतेचा अभाव हे नसून कागदाचा अभाव हे आहे. नकाशा कलावंताच्या हाती येण्यासाठी तो आधी कामातून मोकळा व्हावा लागतो, आणि आपल्या देशात दीर्घकाळ तो कालबाह्य झाला तरी मोकळा होत नव्हता.

युरोपातील पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. १७६० च्या दशकात लंडनमध्ये नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीने कापले जात आणि ते तुकडे मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले जात. पहिल्या महायुद्धानंतर लाटव्हियाने आपली पहिली टपाल तिकिटे, कागदाच्या टंचाईमुळे, जर्मन लष्करी नकाशांच्या कोऱ्या पाठीवर छापली, आणि १९२५ पासून तिकिटे छापणाऱ्या नाशिकरोडच्या रहिवाशाला ही गोष्ट ऐकताना विशेष कुतूहल वाटावे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना शत्रूच्या प्रदेशातून निसटण्यासाठी रेशमावर छापलेले नकाशे दिले गेले, आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या कापडातून बायकांनी पोशाख शिवले. चित्रकलेत १९१२ च्या सुमारास छापील कागद थेट चित्रावर चिकटवण्याची रीत आली. १९५७ मध्ये पॅरिसच्या एका गटाने शहराचा छापील नकाशा कापून त्याचे तुकडे पांढऱ्या कागदावर दूर दूर मांडले, आणि माणूस मनाने कोठून कोठे ओढला जातो ते लाल बाणांनी दाखवले. वैयक्तिक नकाशाचित्राचा खरा आरंभ मी येथूनच धरतो, कारण अंतर मोजणारा कागद प्रथमच ओढ दाखवण्यासाठी वापरला गेला.

आपल्याकडे नकाशांचे दोन प्रवाह होते आणि त्यांचे नशीब वेगवेगळे निघाले. पहिला प्रवाह लष्करी मोजणीचा. देशाचे नकाशे काढणारे केंद्रीय खाते (सर्व्हे ऑफ इंडिया) १७६७ पासूनचे आहे, आणि १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची महाप्रचंड साखळी सुरू झाली. एक इंचास एक मैल आणि पुढे दशमान पद्धतीत १:५०,००० या प्रमाणावरची पत्रके याच प्रवाहातली. दुसरा प्रवाह महसुली मोजणीचा. १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून मुंबई इलाख्यातील शेतवार मोजणीला वळण लागले, आणि ३३ फूट लांबीच्या, सोळा आण्यांत विभागलेल्या साखळीने गावोगावचे नकाशे तयार झाले. या दुसऱ्या प्रवाहाकडे पुढे वळायचे आहे.

पहिल्या प्रवाहातील पत्रके स्वातंत्र्यानंतरही सुरक्षेच्या चौकटीत राहिली. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या विस्तृत पट्ट्यांची पत्रके सर्वसामान्यांना मिळत नसत. मर्यादित वापराचा शिक्का असलेले पत्रक ज्या कामासाठी घेतले त्याच कामासाठी वापरायचे आणि कुलपात ठेवायचे, असा दंडक होता. युरोपात नवी आवृत्ती निघाली की जुने नकाशे जुन्या पुस्तकांच्या दुकानात येतात आणि तेथून चित्रकारांच्या टेबलावर पोहोचतात. आपल्याकडे ही वाटच नव्हती. रद्दीत मिळत ते शालेय ॲटलास, भिंतीवरचे राजकीय नकाशे आणि रस्त्यांची घडीपत्रके, म्हणजे ज्यांत आपले गाव जेमतेम एक ठिपका असते असे कागद.

आणि या उपलब्ध कागदांवरही १९९० मध्ये एक वेगळेच सावट आले. त्या वर्षी १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात नवे पोटकलम घालण्यात आले. केंद्रीय खात्याने प्रसिद्ध केलेल्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा जो कोणी प्रसिद्ध करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, अशी ती तरतूद आहे. न्यायालयाला दखल मात्र केवळ सरकारच्या तक्रारीवरूनच घेता येते. पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे आणि परदेशी प्रकाशने डोळ्यांपुढे ठेवून ही तरतूद झाली असावी, हे उघड आहे. पण तिच्या शब्दांत हेतूचा उल्लेख नाही, आणि कलाकृतीला वेगळे काढणारे वाक्यही नाही. त्यामुळे भारताचा जुना भिंतीवरचा नकाशा कापून त्याची पक्ष्याची आकृती केली, किंवा काश्मीरचा भाग दोऱ्याने झाकून गेला, तर तो न जुळणारा नकाशा ठरतो का, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याच्या डोक्यावर कायम राहिला.

एका बाजूचे म्हणणे असे की, ज्याच्या आधारे कोणी वाट शोधणार नाही आणि सीमा ठरवणार नाही, तो कागद नकाशा उरतच नाही. कापल्या क्षणी त्याचे ते काम संपलेले असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, देशाची आकृती इतकी ओळखीची आहे की ती कापडावर, केकवर किंवा कॅनव्हासवर कोठेही दिसली तरी पाहणारा तिला नकाशा म्हणूनच वाचतो, आणि तिच्यातून एखादा भाग गळला तर तो अपमान म्हणून वाचतो. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु जुन्या नकाशांच्या बाबतीत ते अडचणीत येते. १९४० च्या ॲटलासातील पान आजच्या अधिकृत सीमांशी जुळणे शक्यच नाही, कारण त्यात लाहोर आणि ढाका देशाच्या आत आहेत. त्यातही ते पान त्याच खात्याच्या त्या काळच्या नकाशांवर बेतलेले असेल, तर कोणत्या वर्षीच्या नकाशाशी तुलना करायची? फाळणीत इकडे आलेल्या कुटुंबाला आजोबांच्या गावाभोवती धाग्याचे वर्तुळ शिवण्यासाठी नेमके तेच पान हवे असते, कारण आजच्या अधिकृत नकाशात त्या गावाला स्वदेशात जागा नाही. हा कागद ऐतिहासिक आहे हे सांगणारी एक ओळ आणि छापल्याचे वर्ष चित्राच्या चौकटीवर लिहिणे, एवढी दक्षता मला पुरेशी आणि प्रामाणिक वाटते.

परदेशी ॲटलासच्या पानांवर भारताच्या बाह्य सीमा अचूक व अधिकृत नसल्याचा शिक्का मारलेला आढळतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. जांभळ्या शाईचा तो शिक्का असलेले पान कलावंतासाठी कोऱ्या पानापेक्षा अधिक बोलके आहे, कारण नकाशावरचा वाद त्याच नकाशावर उमटलेला असतो. तो शिक्का कापून टाकू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या तरतुदीचा प्रत्यक्ष परिणाम शिक्षेपेक्षा धाकाचा अधिक. मूळ चित्र घरात टांगणे आणि त्याची छायाचित्रे, दिनदर्शिका किंवा भेटकार्डे काढणे यांत फरक आहे, आणि प्रसिद्ध करणे ही क्रिया दुसऱ्या बाबतीत निःसंशय घडते. म्हणून सावध माणूस देशाची बाह्य आकृती टाळतो आणि जिल्हा, तालुका, गाव यांच्या नकाशांकडे वळतो. नाशिक जिल्ह्याला आंतरराष्ट्रीय सीमा नाही, त्यामुळे येथे हा प्रश्नच उद्भवत नाही. भीतीपोटी झालेले हे वळण कलेच्या दृष्टीने मात्र फलदायी आहे, कारण माणसाचे खासगी आयुष्य देशाच्या नकाशावर मावत नाही, ते तालुक्याच्या नकाशावर मावते. २०१६ मध्ये चुकीच्या सीमांसाठी दहा लाखांपासून शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवणारा मसुदा पुढे आला होता. त्याचा कायदा झाला नाही, हे बरे झाले.

मधल्या काळात दार उघडत होते. मे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने पत्रकांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षण दलांसाठी आणि एक सर्वांसाठी खुली. खुल्या मालिकेतून संवेदनशील ठिकाणे वगळायची होती. तोफखान्याचे देवळाली, विमानांचे ओझर आणि नोटांच्या छापखान्याचे नाशिकरोड ज्याच्या कुशीत आहे, त्या शहरासाठी हा नियम नाममात्र नाही. २०१७ मध्ये ही खुली पत्रके आधार क्रमांकाच्या नोंदणीवर संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येऊ लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बहुतांशी उठवले. आता सुमारे ५५ सेंटिमीटर उंच आणि ५२ सेंटिमीटर रुंद अशी एका पत्रकाची आकृती कोणत्याही मोठ्या छपाई केंद्रात जाड कागदावर काढून मिळते. त्यांची वर्णलिपी चित्रकाराला आयतीच लाभते. वस्ती व रस्ते लाल, शेती पिवळी, वन हिरवे, उंचीच्या रेषा तपकिरी असतात, वाहते पाणी निळे असते, आणि जे ओढे कोरडे पडतात ते काळ्या रेषेने दाखवलेले असतात. सिन्नर-येवल्याकडचे पत्रक आणि इगतपुरीकडचे पत्रक शेजारी ठेवले, तर पावसाचा फरक केवळ काळ्या-निळ्या रेषांतून दिसतो. नाशिकच्या चित्रपरंपरेवर गोदाघाटाच्या जलरंगांचा इतका गहिरा ठसा आहे की, शहराचे चित्र म्हणजे घाट हे समीकरणच झाले आहे. या पत्रकांमुळे नदीचे घाटापलीकडचे खोरेही चित्रात येऊ शकते.

महसुली नकाशांची कहाणी याहून जिव्हाळ्याची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी योजना राबवल्या गेल्या, जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, आणि त्याबरोबर कापडावर चिकटवलेले जुने नकाशे व्यवहारातून मागे पडले. शहरात १९९३ च्या विकास आराखड्याची जागा २०१७ च्या आराखड्याने घेतली. समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून गेला, आणि तेथील कित्येक गटांचे आकार कायमचे बदलले. मोजणीची जुनी क-प्रत (मोजणीनंतर मिळणारा जमिनीच्या हद्दीचा नकाशा) किंवा गटनकाशाची झेरॉक्स घराघरांत सातबाऱ्याच्या फायलीत असते, आणि भावकीत वाटणी झाली की तिचा उपयोग संपतो. हा कागद मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यावर विहिरीची जागा, बांधावरचा आंबा, आईच्या माहेरची पायवाट धावदोऱ्याने उतरवली, तर ते चित्र त्या घराचे होते. नाशिक जिल्ह्यातील नव्या चित्रकारांनी परदेशी बंदरांचे शोभिवंत नकाशे विकत आणण्यापेक्षा या फायली उघडाव्यात, असे मला मनापासून वाटते. मूळ दस्त मात्र कापू नये. वाद उद्भवला तर तोच पुरावा असतो.

द्रव्याविषयीही इतिहासच सावध करतो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचा जुना ब्ल्यू प्रिंट १८४२ मध्ये शोधलेल्या लोहक्षारांच्या प्रक्रियेचा असतो, आणि तो निळा रंग अल्कधर्मी पदार्थाने उडतो. त्यामुळे चुन्याशी किंवा साबणाशी त्याचा संबंध येऊ देऊ नये. त्यानंतर आलेले अमोनिया प्रिंट उजेडात फिके पडतात. असे कागद जसेच्या तसे भिंतीवर टांगण्याऐवजी त्यांची प्रत काढून तिच्यावर काम करणे शहाणपणाचे. चिकटवण्यासाठी बाइंडर वापरतात ती गव्हाच्या पिठाची खळ उत्तम, पण किडीपासून बचावासाठी तिच्यात मोरचूद घालण्याची रीत येथे टाळावी, कारण तांब्याचा अंश कागद हळूहळू ठिसूळ करतो. ऑफसेटवर छापलेले पत्रक ओलावा सहन करते, पण त्यावर हाताने केलेल्या शाईच्या नोंदी पसरतात, म्हणून कोपऱ्यात ओल्या बोळ्याने आधी चाचणी घ्यावी.

उरतो तो स्वामित्वहक्क. १९५७ च्या कायद्यात नकाशाची गणना कलाकृतींमध्येच केलेली आहे, आणि सरकारी प्रकाशनावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६५ किंवा त्यापूर्वी प्रसिद्ध झालेली पत्रके आता या बंधनातून सुटली आहेत. गंगापूर धरणाचे काम १९६५ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे त्याच्या बांधणीपूर्वी मोजलेली, शहराच्या वर गोदावरी अडवलेली नसताना काढलेली जुनी एक-इंची पत्रके आज कोणालाही छापून, कापून आणि विकून वापरता येतात. त्यानंतरच्या पत्रकांवरून केलेले एकच मूळ चित्र विकणे आणि त्याच्या शेकडो प्रती विकणे यांत फरक करावा लागतो, आणि प्रती काढायच्या असतील तर लेखी परवानगी घेणे हाच सरळ मार्ग आहे.