उपग्रहाचं चित्र वेगळं, उपग्रहाचा डेटा वेगळा

निसर्ग चक्रीवादळावरचे विद्यार्थ्यांचे अहवाल चाळले की हाच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. रंगीत चित्र डकवायचं, खाली ‘इन्सॅट-३डी डेटा’ (इन्सॅट-३डी म्हणजे भारताचा हवामान उपग्रह) असं लिहायचं आणि मग त्यातल्या लाल रंगावरून ढगमाथ्याच्या तापमानावर पानभर चर्चा करायची. ही चर्चा अभ्यासात धरताच येत नाही.

चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वादळाचा आकार, पट्ट्यांचा पीळ, ढगांची सरक बघायला ते उत्तम. चित्र मोठं केलं म्हणून तपशील वाढत नाही, हेही बहुतेकांना ठाऊक असतं: इन्सॅट-३डीच्या अवरक्त चित्रात एक पिक्सेल म्हणजे सुमारे ४ किमी, दृश्य प्रकाशात १ किमी, बाष्पाच्या चॅनेलमध्ये ८ किमी.

खरी गफलत होते ती तापमानात. मोसडॅक या इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळणाऱ्या एचडीएफ५ या प्रकारच्या डेटा-फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला ० ते १०२३ मधला एक आकडा असतो. सोबत तक्ता असतो. कोणता आकडा म्हणजे किती केल्व्हिन, ते त्यात बघायचं. चित्र तयार होताना हा तक्ता गळून पडतो. उरतात ते रंग, आणि कोणत्या अंशाला कोणता रंग द्यायचा हे चित्र काढणाऱ्यानं ठरवलेलं असतं. समजा त्यानं उणे ७० ते उणे ८० अंश सेल्सिअसला एकच लाल दिला. उपग्रहाच्या चित्रांवरून वादळाची तीव्रता ठरवण्याच्या ड्वोराक पद्धतीत उणे ७० ते ७५ ही एक पायरी आणि उणे ७६ ते ८० ही पुढची. कामी येणाऱ्या या दोन पायऱ्या त्या लालमध्ये एक झाल्या, आता त्या वेगळ्या काढता येणार नाहीत.

त्यात जेपीजी. ढगाची कडा, अक्षांश-रेखांशाच्या रेषा, जिथे रंग एकदम बदलतो तिथेच जेपीजी तो फासून टाकतं. आणि किनाऱ्याची रेषा तर थेट पिक्सेलवरच ओढलेली असते. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनजवळचे जे पिक्सेल तुम्हाला हवेत, तेच नेमके त्या रेषेखाली गेलेले असतात. अशा चित्रातून रंग उचलून तापमान काढणाऱ्यांची मला खरोखर चीड येते, कारण मूळ फाइल फुकट मिळते.

फाइल घेताना वेळ तेवढी बघा. नावात ०७०० असेल तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपले दुपारचे साडेबारा.

मूळ फाइल मिळालीच नाही तर चित्र जरूर वापरा, पण खाली ‘चित्र’ असंच लिहा आणि त्यावरून अंशांचा एकही आकडा देऊ नका.