डिग्री कमी का लागली?

डेअरीवर दूध घातलं की फॅटबरोबर ‘डिग्री’ही लागते. ही डिग्री तापमानाची नव्हे. दुधात सोडलेला लॅक्टोमीटर किती बुडाला, एवढंच ती सांगते.

खाली फुगा, त्यात वजनासाठी छर्रे आणि वर बारीक कांडी, असं हे काचेचं तरंगतं माप. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते. समजा, लॅक्टोमीटर 30 ग्रॅमचा आहे. पाण्यात त्याचा 30 घनसेंटिमीटर भाग बुडतो, तर 1.030 सापेक्ष घनतेच्या, म्हणजे पाण्याच्या 1.030 पट जड दुधात 29.13. फरक पुरता एक घनसेंटिमीटरही नाही. पण 5 मिलिमीटर जाडीच्या कांडीवर तो साडेचार सेंटिमीटर दिसतो. कांडी 10 मिलिमीटरची केली, तर जेमतेम 1.1. सगळी करामत त्या बारीक कांडीची! तिच्यावर शून्य वर आणि 40 खाली असतं, 1.030 म्हणजे 30 डिग्री.

इतकं नाजूक माप बिघडतंही चटकन. आपल्या 30 ग्रॅमच्या लॅक्टोमीटरवर 0.03 ग्रॅम, म्हणजे साधारण तांदळाच्या दाण्याएवढं दूध वाळून बसलं, की एक डिग्री कमी लागते. लॅक्टोमीटर धपकन सोडला तर कांडी वरपर्यंत भिजते आणि तिथल्या थेंबांचं वजनही त्याला खाली ओढतं. म्हणून दूध ढवळून, फेस न करता नळीत काठोकाठ ओतावं, लॅक्टोमीटर अलगद सोडावा, तो नळीला टेकलेला नसावा आणि स्थिर झाल्यावरच आकडा वाचावा. ताज्या धारेच्या दुधात हवेचे बुडबुडे असतात. ते निघून जाईपर्यंत थांबलेलं बरं. 27 अंश सेल्सिअस तापमानासाठी आखलेला लॅक्टोमीटर असेल, तर दूध 27 च्या वर जितके अंश गरम, त्या प्रत्येक अंशाला वाचलेल्या डिग्रीत साधारण 0.2 मिळवायचे, खालच्या अंशाला वजा करायचे. फ्रीजमधल्या दुधाची डिग्री उगाच चढलेली दिसते, ती यामुळेच.

आता पाण्याचं. 32 डिग्रीच्या दुधाच्या 90 भागांत 10 भाग पाणी घातलं, तर 28.8 डिग्री लागते. चांगल्या गाईच्या दुधाचीही तेवढीच असू शकते. साय दुधापेक्षा हलकी, त्यामुळे ती काढली की डिग्री 36च्या आसपास चढते. मग अशा 85 भाग दुधात 15 भाग पाणी ओतलं, की पुन्हा 30.6! लॅक्टोमीटर बिचारा फसतो, पण फॅट लावल्यावर ही चोरी उघडी पडते. साखर किंवा मीठ टाकून डिग्री चढवली असेल, तर मात्र वेगळी रासायनिक चाचणी करावी लागते.