आर्टेमिसच्या खांबावरचं बिऱ्हाड

तुर्कस्तानात सेल्चुक गावाच्या कडेला आर्टेमिस देवीचं मंदिर होतं, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. रोमन लेखक प्लिनी त्याचे १२७ खांब सांगतो. आज तिथल्या दलदलीत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब दिसतो आणि त्याच्या माथ्यावर असतं पांढऱ्या करकोच्यांचं घरटं. गावातल्या रेल्वे स्टेशनजवळ जुन्या जलवाहिनीचे दगडी खांब आहेत, त्यांच्यावरही हीच मंडळी.

आता करकोच्याला इतिहासाची गोडी आहे, असं काही नाही. तीन-साडेतीन किलोचा पक्षी, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास. दाट फांद्यांत शिरणं त्याच्या बसची बात नाही. त्याला उंचावर सपाट जागा लागते, यायला-जायला चारी बाजू मोकळ्या लागतात आणि जवळपास बेडूक, टोळ, उंदीर मिळतील अशी ओली कुरणं लागतात. छप्पर कोसळलेला खांब म्हणजे त्याच्या लेखी शेंडा मोडलेलं झाडच. तेच घरटं तो वर्षानुवर्षं वापरतो. दर वसंतात काड्या, माती, गवत, सापडल्या तर चिंध्यासुद्धा घालून ते वाढवतो. जुनी घरटी दीड-दोन मीटर उंच आणि काहीशे किलो वजनाची होतात. त्यांच्या फटींत चिमण्या खुशाल राहतात. एवढा भार प्राचीन दगडांवर, हे पुरातत्त्ववाल्यांना रुचत असेल का, ते सोडा.

नर-मादी भेटले की मान मागे पाठीवर टेकवून चोच वाजवतात. मोठ्या करकोच्याला आवाज जवळजवळ नसतोच. लांबून कुणी चिपळ्या वाजवतंय असं वाटतं. उन्हाचा तडाखा वाढला की तो स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतो. ती वाळताना पाय गार होतात. लाल पाय मग चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात.

हिवाळ्यासाठी ते आफ्रिका गाठतात. सगळा प्रवास तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेच्या जोरावर, पंख फारसे न हलवता. समुद्रावर अशी हवा क्वचितच मिळते, म्हणून भूमध्य समुद्र सरळ ओलांडायचा सोडून ते सीरिया, इस्राएल, सिनाई असा वळसा घेतात. दक्षिणेला, मक्केच्या दिशेला जातो म्हणून तुर्की लोक त्याला 'हाजी' म्हणतात आणि त्याचं घरटं मोडत नाहीत.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात इंदापूर आणि भादलवाडीला चित्रबलाकांची, म्हणजे करकोच्याच्याच कुळातल्या रंगीत पक्ष्यांची, वसाहत भरते. भिगवणकडची माणसं त्यांना चाम ढोक म्हणतात. उजनीच्या फुगवट्याचं पाणी ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, भाविक दर्शनाला जातात. पण चित्रबलाक काही शिखरावर संसार थाटत नाही. त्याला पाण्यातली किंवा पाण्याजवळची झाडंच हवीत, आणि तीही शेजारी-पाजारी खच्चून भरलेली.

सेल्चुकला जायचंच, तर एप्रिल ते जुलैमध्ये जा. डोंगरावर येशूची आई मेरी हिचं म्हणून मानलं जाणारं घर आहे, तिथे १५ ऑगस्टला मोठी प्रार्थना होते, यात्रेकरूंची गर्दी उसळते; पण करकोच्यांची निघायची वेळ नेमकी तेव्हाच जवळ आलेली असते.