ब्रेक चकतीची झीज (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या चाकासोबत फिरणारी पोलादी चकती (बोलीत ‘डिस्क प्लेट’) ब्रेक लावताना तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडच्या घर्षणाने पातळ होत जाते. त्या झिजेची तपासणी. पॅड बदलताना कॅलिपर (पॅड धरून चकतीवर दाबणारा भाग) सुटलेलाच असतो, म्हणून ती त्याच वेळी उरकण्याचा प्रघात आहे.

दुचाकीवर चकती-ब्रेक प्रथम कोणी आणला याविषयी एकवाक्यता नाही. फ्रेडरिक लँचेस्टर यांचे १९०२ चे ब्रिटिश पेटंट मोटारगाडीच्या संदर्भातले. दुचाकीच्या बाबतीत १९६९ च्या होंडा सीबी७५० चे नाव सर्रास पुढे केले जाते. परंतु १९६२ च्या सुमाराच्या लॅम्ब्रेटा टीव्ही१७५ या स्कूटरच्या पुढच्या चाकाला केबलने ओढला जाणारा चकती-ब्रेक होता. तेव्हा होंडाचा मान मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारसायकलवरील द्रवचालित ब्रेकापुरता धरणे अधिक सयुक्तिक. मोटारगाडीची चकती बहुधा बिडाची असते. मोटारसायकलची उघड्यावर राहते आणि दिसतेही, म्हणून तिच्यासाठी न गंजणारे पोलाद रूढ झाले.

नव्या चकतीची जाडी साधारणपणे ४ ते ५ मिमी. किमान जाडीचा आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो आणि तो नव्या जाडीपेक्षा अर्धा ते एक मिमीनेच कमी असतो. मोजणीतली मेख कडेला आहे. पॅड चकतीच्या अगदी काठापर्यंत पोचत नाही. तेवढा पट्टा न झिजता उरतो आणि त्याचा उंचवटा नखालाही लागतो. व्हर्निअरचे सरळ जबडे या उंचवट्यावर अडकतात. समजा, कोरलेली मर्यादा ४.० मिमी आहे, व्हर्निअर ४.४ दाखवील आणि घासपट्टीत (पॅड घासतो त्या पट्ट्यात) टेकवलेला मायक्रोमीटर ३.९. चकती बाद. म्हणून मायक्रोमीटरने, घासपट्टीतच, सहा-आठ ठिकाणी जाडी घेतात आणि सरासरी न काढता सर्वांत कमी आकडा धरतात. पातळ चकती लवकर तापते. त्यात पॅडही संपत आले तर कॅलिपरमधल्या, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनला नेहमीपेक्षा बरेच बाहेर यावे लागते.

ब्रेक दाबताच लिव्हर बोटांखाली धडधडू लागला की ‘डिस्क बेंड झाली’ असे निदान बहुधा ठरलेले. उष्णतेने चकती वाकते हा जुना समज. जाडीतला फरक किंवा पॅडच्या द्रव्याचे असमान थर हे कारण आहे, असे दुसरे मत. धडका बसून किंवा चुकीच्या बसवणीने चकती खरोखर वाकू शकते. परंतु रोजच्या वापरातल्या बहुतेक तक्रारींना दुसरे मत अधिक लागू पडते. दोहोंचा निवाडा डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) होतो: चाक हळू फिरवून काटा किती हलतो ते पाहतात. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत या हलण्याची मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास आढळते. काटा स्थिर आणि जाडी मात्र कमी-जास्त, तर दोष झिजेचा. तरंगत्या (मधल्या भागाला सैलसर जोडलेल्या) चकतीला मुळातच थोडी ढील असते; तिचा खडखडाट ऐकून ती बाद करू नये. निळसर झाक चकती तापल्याची खूण होय, वाकल्याची नव्हे.

उथळ चरे चालतात, नवे पॅड त्यांत बसतात. भोकांपासून निघालेले तडे मात्र जाडी कितीही असली तरी चालत नाहीत. बिडाच्या चकतीप्रमाणे लेथवर घासून घेण्याइतकी जाडी येथे सहसा नसते.

ड्रम ब्रेकवर उलट आकडा कोरतात: आतला व्यास जास्तीत जास्त किती.