सदतीस दिवस आणि पुढची चार वर्षे

शाळेत पहिले महायुद्ध शिकवले जायचे तेव्हा वहीत दोन मथळे असत: ‘मूलभूत कारणे’ आणि ‘तात्कालिक कारण’. पहिल्याखाली साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद. दुसऱ्याखाली एकच ओळ: आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून. परीक्षेला एवढे पुरत असे. पण या दोन मथळ्यांच्या मध्ये २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ असे सदतीस दिवस आहेत, आणि माझ्या मते या युद्धाचे खरे उत्तर तिथे आहे. साम्राज्यवाद १९०८ मध्ये होता, १९१२ मध्येही होता. तेव्हाही बाल्कनमध्ये आगी लागल्या आणि युरोपभर वणवा न पेटता विझल्या. १९१४ ची आग का विझली नाही, हा प्रश्न विचारायला हवा.

आधी थोडे मागे जाऊ. १८७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला, जर्मनी एक झाला आणि अल्सास-लॉरेन प्रांत त्याच्याकडे गेले. फ्रान्स हे विसरणार नाही, हे चान्सलर बिस्मार्कला पक्के ठाऊक होते. म्हणून फ्रान्सला एकटे पाडायचे आणि रशियाला कोणत्याही परिस्थितीत दुरावू द्यायचे नाही, हे त्याचे सूत्र होते. १८९० मध्ये तरुण कैसर विल्हेल्मने त्याला घरी बसवले. रशियाशी असलेल्या कराराची मुदत संपत होती. तो पुढे वाढवलाच नाही. चार वर्षांत रशिया आणि फ्रान्स यांची युती झाली. जर्मनीच्या दोन्ही अंगांना शत्रू उभे राहिले आणि ते बव्हंशी जर्मनीनेच ओढवून घेतले होते.

ब्रिटन या साऱ्यापासून अलिप्त होता. पण कैसरला मोठे आरमार हवे होते, आणि ब्रिटनच्या जिवाचे दुखणे नेमके तेच. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही नव्या धर्तीची युद्धनौका पाण्यात उतरली आणि दोन्ही देश जहाजबांधणीच्या शर्यतीत उतरले. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी जुनी भांडणे मिटवली, १९०७ मध्ये रशियाशी. हा दुसरा करार आपल्या अगदी दारातला आहे: इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट, म्हणजे हिंदुस्थानच्या वेशीवरचे वाद त्यात निकालात काढले होते. लंडनला जर्मनी जड वाटू लागला तेव्हा आधी हिंदुस्थानची वेस सुरक्षित करून घेतली गेली.

बाल्कनचे दुखणे वेगळे. ऑस्ट्रिया-हंगेरीने १८७८ पासून ताब्यात असलेला बोस्निया १९०८ मध्ये अधिकृतपणे गिळला. सर्बिया चिडला. त्याचा पाठीराखा रशिया तीनच वर्षांपूर्वी जपानकडून हरलेला, त्यामुळे त्याने मुकाट्याने अपमान सोसला. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतून सर्बिया जवळजवळ दुप्पट होऊन बाहेर पडला. व्हिएन्नाचा सरसेनापती कॉनराड सर्बियावर चालून जाण्याची मागणी पुनःपुन्हा करत होता आणि दरबारात त्याला अडवणारा सर्वांत वजनदार माणूस होता युवराज फ्रान्झ फर्डिनांड. बोस्नियातल्या सारायेव्होत गोळी लागली ती नेमकी त्याला.

त्या सकाळी पहिला बाँब फसला होता. तो मागच्या गाडीखाली फुटला. जखमींना भेटायला इस्पितळात जावे असे युवराजांनी ठरवले, मार्ग बदलला, पण ते चालकाला कोणी नीट सांगितले नाही. गाडी जुन्याच रस्त्याला वळली, चूक कळल्यावर थांबली, आणि थांबली ती गाव्रिलो प्रिन्सिपच्या समोर. तो एकोणीस वर्षांचा होता. वीस पुरी नसल्याने कायद्याने त्याला फाशी देता आली नाही. १९१८ मध्ये तो तुरुंगात क्षयाने मेला. युद्ध तेव्हा चालूच होते.

आता ते सदतीस दिवस. खुनानंतर आठवडाभरात, ५ आणि ६ जुलैला, बर्लिनने व्हिएन्नाला सांगितले: सर्बियाचे काय करायचे ते करा, आम्ही पाठीशी आहोत. व्हिएन्नाने लगेच हल्ला केला असता, तर युरोपची सहानुभूती तेव्हा मेलेल्या युवराजाकडे होती. कदाचित प्रकरण दोन देशांत राहिले असते. पण सैनिक सुगीच्या रजेवर होते, हंगेरीचा पंतप्रधान राजी नव्हता, शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रशियाच्या भेटीवर होते, ते परत निघेपर्यंत थांबायचे ठरले. निर्वाणीचा खलिता बेलग्रेडला पोचला २३ जुलैला, अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीचा. सर्बियाने जवळजवळ सगळे मान्य केले. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवर येऊन तपासात भाग घ्यावा, ही अट तेवढी नाकारली. ते उत्तर २८ जुलैला सकाळी वाचून कैसरने स्वतः शेरा मारला की आता युद्धाला कारण उरले नाही. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारले.

इथून पुढे मुत्सद्दी मागे पडले आणि रेल्वेची वेळापत्रके पुढे आली. लाखोंचे सैन्य गोळा करून सीमेवर न्यायचे म्हणजे हजारो गाड्या, मिनिटामिनिटाचा हिशेब, आणि तो वर्षानुवर्षे आधी मांडून ठेवलेला. झारला फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेपुरती जमवाजमव हवी होती. सेनानींनी सांगितले, तशी योजनाच तयार नाही. त्याने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम काढला, रात्री मागे घेतला आणि ३० जुलैला पुन्हा काढला. जर्मनीची योजना त्याहून ताठर होती. रशियाचे सैन्य सावकाश गोळा होणार, तेवढ्या सहा आठवड्यांत बेल्जियममधून वळसा घालून फ्रान्सला चीत करायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे. म्हणजे भांडण सर्बियाचे, शत्रू रशिया, आणि पहिला घाव तटस्थ बेल्जियमवर. १ ऑगस्टला ब्रिटन बाहेर राहील अशी एक खोटी आशा बर्लिनमध्ये पसरली, तेव्हा कैसरने सेनाप्रमुख मोल्टकेला सांगितले, सगळे सैन्य पूर्वेला न्या. मोल्टकेचे उत्तर होते: ते शक्य नाही. एका सम्राटाला आपलेच सैन्य आपल्याला हवे तिकडे नेता येत नव्हते. मला या साऱ्या कथेत याहून भयंकर क्षण दिसत नाही.

४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. १८३९ च्या तहाने ब्रिटन बेल्जियमच्या तटस्थतेला बांधलेला होता; त्याच रात्री तोही युद्धात उतरला. त्याबरोबर हिंदुस्थानही. हिंदुस्थानला कोणी विचारले नाही.

तो वळसा सप्टेंबरमध्ये पॅरिसजवळ, मार्न नदीवर अडला. मग दोन्ही सैन्ये एकमेकांच्या बगलेला पोचण्यासाठी उत्तरेकडे सरकत समुद्रापर्यंत गेली, आणि समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर खंदक खणले गेले. ऑक्टोबरमध्ये त्या रेषेवर ब्रिटिशांची माणसे अपुरी पडत होती तेव्हा मार्सेयला उतरलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन, काही तुकड्या तर उन्हाळी कपड्यांनिशी, बेल्जियमच्या गारठ्यात उभ्या केल्या गेल्या. रेषा पुढची साडेतीन वर्षे फारशी हलली नाही. मशिनगन आणि काटेरी तार ही कारणे सर्वांना माहीत असतात. तिसरे कारण पुन्हा रेल्वेच. हल्ला करणारा खड्ड्याखळग्यांतून पायी पुढे जाई, आणि बचाव करणाऱ्याची कुमक आगगाडीने येई. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोम नदीकाठी एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. व्हर्दांची लढाई त्याच वर्षी फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत चालली आणि शेवटी आघाडीची रेषा जवळपास होती तिथेच राहिली.

हे युद्ध पश्चिम आशियात पसरले ते तुर्कस्तानामुळे. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस तुर्की निशाण लावलेल्या जर्मन जहाजांनी काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. इराणच्या आखातात अबादानला अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर येत होते आणि त्याच वर्षी सरकारने कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला होता. ६ नोव्हेंबरला हिंदुस्थानी फौज शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फावला उतरली आणि महिनाअखेरीच्या आत बसरा पडला. काम इथे संपायला हवे होते, पण सोपा विजय माणसाला पुढे ओढतो. टायग्रिस नदीच्या काठाने फौज वर वर जात राहिली. मोहिमेचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे, म्हणजे सिमल्याहून. नदीवर चालणाऱ्या बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, औषधे अपुरी.

पुढे निघालेली फौज होती सहावी, पुणे डिव्हिजन. तिच्यात इंग्रज, पंजाबी, गुरखा पलटणी होत्या, आणि १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणीही. मराठी मुलुखातला तो काळ मोठा गुंतागुंतीचा होता. जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटलेल्या टिळकांनी ऑगस्टमध्ये सरकारला साहाय्य करण्याचे आवाहन केले होते. उलट तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे गदर या क्रांतिकारी पक्षाचे काम अंगावर घेऊन अमेरिकेतून परतले, फौजेत उठाव घडवण्यासाठी मेरठच्या छावणीत गेले, तिथे बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी पुणे डिव्हिजन बगदादच्या अलीकडे तेसिफोनला तुर्कांवर चालून गेली. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो. माणसे मात्र एकाच मुलुखातली होती.

तेसिफोनला साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना धक्के खात चालणाऱ्या गाड्यांतून नदीवर आणले आणि उघड्या पडावांत घालून बसऱ्याला पाठवले. कित्येक जण दिवसचे दिवस मलमपट्टीवाचून स्वतःच्या घाणीत पडून होते. उरलेली फौज तिचा सेनापती जनरल टाउनशेंडने मागे टायग्रिसकाठच्या कुत या गावी आणली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. रेशन घटत गेले. घोडे कापले जाऊ लागले तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, तरी अनेकांनी शेवटपर्यंत तोंडाला लावले नाही. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला. आट्यावर असलेल्या हिंदी शिपायांना तो झाला नाही, पण मांस-भाजीविना स्कर्व्हीने त्यांच्या हिरड्या सडल्या. विमानांतून धान्याची पोती टाकली गेली, दळायला जात्याचे दगडसुद्धा. कुतमधल्या तेरा हजारांना सोडवायला निघालेल्या फौजेची सुमारे तेवीस हजार माणसे जायबंदी झाली किंवा मेली. शेवटी तुर्कांना वीस लाख पौंड देऊ केले गेले, त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. टाउनशेंड उरलेले युद्ध इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखाने राहिला. शिपायांना वाळवंटातून अनातोलियाकडे पायी चालवत नेले गेले. त्यांतले हजारो परत आले नाहीत.

याच एप्रिल महिन्यात बेळगावला टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. पुढे या दोन घटना खरोखरच एकमेकींना येऊन मिळाल्या. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे याच टायग्रिसकाठच्या मोहिमेतल्या, दुर्दशेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. पार्लमेंटमधल्या त्याच चर्चेत हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कडक टीका करणारे एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले, आणि २० ऑगस्टला हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची घोषणा त्यांनी केली. या घोषणेमागे होमरूलचा रेटा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. कुतचे नाव मात्र घेत नाही. घ्यायला हवे.

तोवर युद्धाचे पारडे फिरत होते. जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना कोणतेही जहाज बुडवण्याची मोकळीक दिली आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. रशियात झार गेला, नंतर बोल्शेविक आले आणि मार्च १९१८ मध्ये रशिया तह करून बाहेर पडला. मोकळ्या झालेल्या सैन्यानिशी जर्मनीने त्याच महिन्यात पश्चिमेला अखेरचा मोठा जोर लावला. तो उन्हाळ्यात ओसरला. घरी ब्रिटिश नाकेबंदीने उपासमार होती. बल्गेरिया, तुर्कस्तान, ऑस्ट्रिया एकामागून एक गळाले आणि ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. तोवर सुमारे ९० लाख सैनिक मेले होते. त्यांत हिंदुस्थानचे ७४ हजार. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, ती या हिशेबात कुठेच धरलेली नाहीत.

आपल्याकडे काही गावांत, कधी चावडीच्या भिंतीत, कधी शाळेच्या, एक दगड बसवलेला दिसतो: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे नसतात, आकडे असतात. साल बहुतेकदा १९१४-१९१९ असे असते, आणि लोक विचारतात, युद्ध तर १९१८ ला संपले ना? व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला, हे एक उत्तर. दुसरे असे की तुर्कांशी ३० ऑक्टोबर १९१८ ला युद्धबंदी झाल्यावरही ब्रिटिश फौज पुढे जाऊन मोसुलमध्ये शिरली, त्या मुलुखाचा इराक झाला, १९२० मध्ये तिथले लोक ब्रिटिशांविरुद्ध उठले, आणि तो उठाव मोडायला पाठवलेल्या सैन्यात मोठा भरणा हिंदी पलटणींचा होता.